सार्जंटबाईंचा नवरा कॉलेजात जातो

आमच्या राखीव तुकडीत लाइल केटुनेन कधीच नव्हता. त्याने गणवेश घातला नाही, सलाम ठोकला नाही, आणि बंदूक धरली ती फक्त नोव्हेंबरात, हरणाच्या शिकारीला. तरी तुकडीत त्याला ओळखत नाही असा एकही माणूस सापडला नसता. महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आमचं ड्रिल असायचं. त्या शनिवारी उजाडायच्या आत त्याची जुनी पिकअप हॉलसमोर येऊन उभी राहायची. एका बाजूने सार्जंट ट्रीना केटुनेन, म्हणजे त्याची बायको, टोपी सारखी करत उतरायची. दुसऱ्या बाजूने लाइल. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं खोकं, आणि खोक्यात गरम पेस्ट्या. आत मांस, बटाटा आणि सलगम. दिसायला आपल्या करंजीची थोरली बहीण. तुकडीची मेस मी सांभाळायचे, म्हणून ते खोकं माझ्या ताब्यात यायचं.

“आर्डिस, वरच्या दोन बिनकांद्याच्या आहेत. ऑर्व्हिलच्या,” एवढं बोलून तो निघून जायचा. त्याचं बोलणं तेवढंच. ऑर्व्हिल म्हणजे आमचा मास्टर सार्जंट, कांदा त्याला चालत नाही.

आमच्या तुकडीचं काम पाणी शुद्ध करायचं. तळं असो, नदी असो, नाहीतर खारा समुद्र. आमची यंत्रं लावली की पलीकडून पिण्याचं पाणी निघायचं. ड्रिल नसेल तेव्हा जो तो आपल्या पोटापाण्याला. कुणी लाकडाच्या गिरणीत, कुणी दुकानात, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. ट्रीना गावच्या पाणीपुरवठ्यात होती आणि लाइल शाळेची बस चालवायचा. आमच्या गावात, टॅमरॅक फॉल्समध्ये, बर्फ पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्यावरून वारा येतो तो सरळ कोटातून आत शिरतो. अशा दिवसांतही लाइलची बस चुकली असं कुठल्या पोराने कधी सांगितलं नाही. पोरगं धावत येताना दिसलं की तो थांबायचा. दिसलं नाही तरी थांबायचा.

घरात माणसं चार. लाइल, ट्रीना, त्यांची मुलगी ब्रिटा आणि ट्रीनाची आई ऐली. ऐलीला सगळी आळी मुम्मू म्हणायची. फिनलंडहून आलेल्या लोकांत आजीला तसंच म्हणतात. घर मुम्मूच्या नावावर होतं आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही. जावयाला ती नावाने हाक मारत नसे. “ड्रायव्हर, लाकडं संपली.” “ड्रायव्हर, कॉफीत दूध कोणी ओतलं?” लाइल लाकडं आणायचा आणि दुसरी कॉफी टाकायचा.

एका वसंतात तुकडीला हुकूम आला. कुवेत, जवळजवळ वर्षभर. मी त्याच साली निवृत्त झाले होते, म्हणून निरोप द्यायला मी गाडीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते. ते मला फार विचित्र वाटलं. ट्रीनाने ब्रिटाला मिठी मारली, आईच्या गालाचा मुका घेतला, आणि लाइलला सांगितलं, “पंपाचा फिल्टर बदलायचा आहे, विसरू नकोस.” तिच्या तोंडून प्रेमाचं बोलणं असंच निघतं.

ती गेल्याला दोन महिनेही झाले नव्हते. मुम्मू सकाळी चुलीपाशी उभी होती, तिच्या हातून कॉफीचं भांडं पडलं आणि मागोमाग ती स्वतः. पक्षाघात. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा तिच्याकडे दोनच शब्द उरले होते. एक “नाही”, आणि दुसरी फिनिश भाषेतली एक शिवी, जी मी इथे लिहिणार नाही.

लष्कराने ट्रीनाला थोड्या दिवसांची रजा दिली. ती आली, आईच्या उशाशी बसली, आणि निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्यासमोरच लाइलला म्हणाली, “मी अर्ज करते. असं कारण असलं की सोडतात कधीकधी.”

“तिकडे तुझ्या हाताखाली एवढी पोरं आहेत,” लाइल म्हणाला. “इथे एकच म्हातारी आहे. मी बघतो.”

“ती माझी आई आहे, लाइल.”

“असू दे. एवढी वर्षं या घरात तिचा हुकूम चालला. आता थोडे दिवस माझा चालू दे की.”

ट्रीना हसली आणि मग रडली. दुसऱ्या दिवशी ती गेली.

बेथ नावाची एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा शहरातून यायची. तासाभराहून जास्त अंतर. बर्फ सुरू झाला की तिचा फोन यायचा, “आज रस्ता बंद आहे, मिस्टर केटुनेन, तुम्हीच करून घ्या.” म्हणून तिने सगळं लाइललाच शिकवायला सुरुवात केली. हात कसा धरायचा, पाय कुठून उचलायचा, कधी आधार द्यायचा आणि, यात खरी मेख होती, कधी द्यायचा नाही. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. मुम्मू शिव्या घालायची, म्हणजे ती एकच शिवी, निरनिराळ्या सुरांत. चमचा फेकायची. एकदा लाइलच्या डोक्याला लागला. तो म्हणाला, “छान. उजव्या हाताने फेकलात.” आणि खरंच, उजव्याच हाताने फेकला होता.

मग त्याला एक गोष्ट सुचली. मुम्मूने आयुष्यात एकही शनिवार सौनाशिवाय काढला नव्हता. ती लाकडाची खोली, तापलेले दगड आणि त्यांवर पाणी टाकलं की उठणारी वाफ. सौना घराच्या मागे, अंगण ओलांडून होती. लाइलने अंगणातून तिथपर्यंत खांब रोवले, हाताच्या उंचीवर दोर बांधला, आणि मुम्मूला खिडकीतून दाखवला. “तिथवर चाललात की सौना. नाहीतर टबातली आंघोळ.”

मुम्मूने दोराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि आपला दुसरा शब्द उच्चारला. पण त्या दिवसापासून चमचे फेकणं बंद झालं.

आधी दारापर्यंत, मग पायरीपर्यंत, मग पहिल्या खांबापर्यंत. बर्फ पडला की लाइल बसवर जाण्याआधी वाट साफ करायचा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी पाव घेऊन गेले होते. वेलदोडा घातलेला गोड पाव, निसू. मुम्मूला तोच लागतो. पाहते तर मुम्मू अंगणात, एक हात दोरावर, दुसऱ्यात काठी. ब्रिटा पुढे, लाइल मागे, पण हात मागे बांधून. पोचली. ब्रिटा तिला घेऊन आत गेली, आम्ही दोघं बाहेर थांबलो. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आतून ब्रिटा ओरडली, “बाबा! मुम्मू म्हणतेय, ‘आणखी पाणी’! बाबा, दोन शब्द बोलली!”

लाइल तिथेच बर्फात खाली बसला. मी म्हटलं, “अरे, गारठशील.” तर म्हणाला, “आर्डिस, मला उठवत नाहीये गं.” डोळे पुसत होता आणि हसत होता.

त्या महिन्यात बेथ आली तेव्हा मुम्मूने स्वतः दार उघडलं. बेथने निघताना लाइलला म्हटलं, “तुम्ही हे रीतसर का शिकत नाही? आमच्या हाताखाली सहायक लागतात. दोन वर्षांचा कोर्स आहे. या भागात तर कुणी मिळतच नाही.”

“मी?” लाइल म्हणाला. “मी बसचं पुस्तक अजून पुरतं वाचलेलं नाही.”

ट्रीना परत आली. आईला दारात उभी पाहिल्यावर तिने पिशवी तिथेच टाकली. मुम्मू म्हणाली, “बारीक झालीस.” एवढं नीट, अख्खं वाक्य. ट्रीनाने लाइलकडे पाहिलं. संध्याकाळी तिने अंगणातल्या दोराला हात लावून सगळी वाट एकदा चालून पाहिली, हे मला ब्रिटाने सांगितलं.

आता शिष्यवृत्तीची गोष्ट. तुकडीत असलेल्या माणसाच्या शिक्षणाला लष्कराकडून मदत मिळते. ट्रीनानेही आपलं पाण्याचं शिक्षण तसंच पुरं केलं होतं. पण घरच्यांसाठी आम्ही निवृत्तांनी एक निधी काढलेला आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या शुक्रवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये आम्ही मासे तळतो, सगळं गाव जेवायला येतं, आणि जमेल त्यातून दर साली तुकडीतल्या एखाद्या घरच्याला कॉलेजात पाठवतो. ब्रिटाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. ट्रीना तिच्या मागे लागली होती. मी कॉफीला गेले होते त्या दिवशी विषय निघालाच.

“अर्ज कधी करणार?” ट्रीनाने विचारलं.

“नाही करणार,” ब्रिटा म्हणाली. “मला विजेच्या कंपनीत उमेदवारीला घेतलंय. जूनपासून. पगारासकट.”

“काय करायला?”

“खांबावर चढायला.”

“खांबावर? माझी मुलगी खांबावर चढणार?”

“तू वाळवंटात जाऊन नळ बसवतेस ते चालतं का गं, आई? मला वर्गात बसवत नाही. मला उंचावर बरं वाटतं.” मग तिने पाव कॉफीत बुडवला आणि अगदी सहज म्हणाली, “स्कॉलरशिप बाबाला द्या. त्याला शिकायचंय. बेथ बोलली तेव्हापासून रोज त्या कॉलेजचं पान उघडून बघत बसतो.”

लाइलचे कान लाल झाले. “मी नुसतं बघत होतो.”

“काय बघत होतास?” ट्रीना.

“पार्किंग कुठे आहे ते.”

आम्ही सगळ्या हसलो. ट्रीना मात्र थांबली. “लाइल, खरंच शिकायचंय तुला?”

त्याने कप फिरवला. “ते पैसे पोरांचे असतात, ट्रीना.”

“मी काय विचारलं?”

“हो,” तो म्हणाला. “शिकायचंय.”

मुम्मू कोपऱ्यात पाव खात होती. ती म्हणाली, “ड्रायव्हर... जाऊ दे. घरात... शांतता.” आणि डाव्या डोळ्याने मला खूण केली.

मुलाखत हॉलमध्येच झाली. आम्ही तिघं निवडणारे. मी, सध्याची तरुण कॅप्टन हालीडे, आणि ऑर्व्हिल डेरोशर, आमचा जुना मास्टर सार्जंट. ऑर्व्हिल मनाने वाईट नाही. पण बदल म्हटला की त्याला तो कांद्यासारखा चालत नाही. लाइल चर्चला जातानाचा कोट घालून आला होता. तो इतका घट्ट होता की बसताना त्याने बटण सोडलं.

“हे बघ लाइल,” ऑर्व्हिल म्हणाला, “तुझ्याबद्दल काही नाही. पण हा निधी पोरांसाठी आहे. अठरा-एकोणीसची पोरं. तू नवरा आहेस.”

“हो,” लाइल म्हणाला.

“मग?”

लाइलच्या हातातली टोपी एकदा सुलटी, एकदा उलटी. शेवटी म्हणाला, “मला भाषण येत नाही, ऑर्व्हिल. मुम्मूच्या वेळेला बाई शहरातून यायची. बर्फ पडला की यायची नाही. आमच्याकडे मी होतो. पण पलीकडच्या वस्तीत म्हातारी माणसं एकटी आहेत. बर्फ पडला की त्यांचं कोण करतं? मी बर्फात गाडी चालवतो. तेवढं मला येतं. बाकीचं शिकवा.”

तो बाहेर गेल्यावर ऑर्व्हिल म्हणाला, “हे सगळं ठीक. पण घरचे म्हणजे मुलं, असंच आजवर धरलंय.”

मी तोंड उघडायच्या आत कॅप्टन बोलली. वयाने ऑर्व्हिलच्या नातीएवढी, पण आवाज चढवावा लागत नाही तिला. “सार्जंट केटुनेनना आपण कुवेतला पाठवलं तेव्हा घर कुणी सांभाळलं? त्या वेळी आपण त्याचं वय विचारलं नव्हतं. आता का विचारायचं?”

ऑर्व्हिलने माझ्याकडे पाहिलं. “तुझं काय म्हणणं, आर्डिस?”

“माझं म्हणणं, तू बारा वर्षं त्याच्या बिनकांद्याच्या पेस्ट्या खाल्ल्यास.”

“ही लाच झाली,” ऑर्व्हिल म्हणाला. पण हात वर केला.

आता मी सांगितलं की लाइल कॉलेजात गेला आणि चमकला, तर ते खोटं होईल. सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, मग कॉलेज गाठायचं, तीन वाजता परत बसवर. वर्गात सगळी ब्रिटाच्या वयाची. पहिल्या दिवशी त्याला शिक्षक समजून दोन मुली त्याच्याकडे वेळापत्रक मागायला आल्या. शरीरशास्त्राची पहिली परीक्षा झाली आणि गडी आपटला. साफ आपटला. घरी येऊन सरळ लाकडं फोडायला गेला. वखार भरेल इतकी फोडली.

ट्रीना बाहेर गेली. “किती चुकलं?”

“विचार, बरोबर किती आलं ते.”

“नावंच चुकली ना?”

“नावं. लॅटिन. एका खांद्यात एवढे स्नायू आणि एकाचंही नाव माणसासारखं नाही. ट्रीना, मी सोडतो. तुम्हा सगळ्यांची मान नको खाली जायला.”

“सोडायची परवानगी नाही,” सार्जंट केटुनेन म्हणाली. “कुऱ्हाड ठेव. आत चल.”

आत मुम्मू खुर्चीत बसली होती. तिने सगळं ऐकलं असणार, कारण तिने स्वेटर काढून बाजूला ठेवला होता आणि नुसत्या बंडीवर बसली होती. “या खांद्यावर लिही,” ती म्हणाली. आता ती पुष्कळ बोलू लागली होती, फक्त सावकाश. “तुझी... लॅटिन.”

मग ते सुरू झालं. लाइल कागदी चिकटपट्टीचे तुकडे करायचा, प्रत्येकावर एक नाव लिहायचा आणि मुम्मूच्या अंगावर योग्य जागी चिकटवायचा. ट्रीना पुस्तक घेऊन समोर उभी. “हा कोणता?” “डेल्टॉइड.” “काय करतो?” “हात बाजूला उचलतो.” “उचल, आई.” मुम्मू हात उचलायची. चुकीच्या जागी पट्टी लागली तर म्हणायची, “तो नाही दुखत. वरचा... दुखतो.” रोज जेवण झालं की हे. म्हातारीचा व्यायाम झाला, जावयाचा अभ्यास झाला, आणि ट्रीनाला कुणालातरी हुकूम सोडायला मिळाले. घरात तिघंही खूश.

एका रविवारी काय झालं, घाईत एक पट्टी मागे राहिली. मुम्मू चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसते. प्रार्थना झाली, सगळे कॉफीला तळघरात उतरलो. तिच्या निळ्या ड्रेसच्या गळ्याजवळ, पाठीवर, मोठ्या अक्षरांत ‘ट्रॅपिझियस’. अर्ध्या चर्चने वाचलं होतं. आमचे पाद्री तसे नवीनच आलेले, ते मुम्मूजवळ आले आणि फार आदराने म्हणाले, “ट्रॅपिझियस... हे तुमचं माहेरचं आडनाव का, ऐलीबाई?”

मुम्मूने मागे हात नेऊन पट्टी उपटली, वाचली, आणि लाइलकडे वळून म्हणाली, “बरोबर जागी आहे. पास.”

मला अजून ते आठवलं की कॉफी नाकात जाते. पुढच्या परीक्षेत तो खरंच पास झाला. काठावर, पण झाला. नंतर हळूहळू जमत गेलं. वर्गातली पोरं त्याला “बॉस” म्हणायला लागली, आणि दोघा-तिघांना त्याने आपल्या स्वयंपाकघरात आणून मुम्मूवर अभ्यास करायला बसवलं. मुम्मू त्यांच्याकडून दर वेळी कॅरमेल वसूल करायची.

दुसऱ्या वर्षी ट्रीनाला पुन्हा हुकूम आला. या वेळी परदेश नव्हता. दक्षिणेकडे वादळाने गावंच्या गावं बुडाली होती, प्यायला पाणी नव्हतं. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं. आणि लाइलचं इस्पितळातलं प्रत्यक्ष काम तेव्हाच सुरू व्हायचं होतं, तेही शहरात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्याने न विचारता कॉलेजला फोन करून वर्षभर थांबण्याबद्दल चौकशी केली. ट्रीनाला कळलं तेव्हा ती भडकली.

“मी गेले की तू थांबायचं, असं कुठे ठरलं होतं?”

“आईचं कोण बघणार?”

मुम्मूने काठी जमिनीवर आपटली. “आईला... कान आहेत. आणि... तोंड पण आहे. मला काय तान्ही समजता?”

शेवटी असं ठरलं. मी सकाळी येऊन बसायचं. ब्रिटाने कामावरून सुटल्यावर आजीकडे मुक्कामाला यायचं. आणि बस? बस चालवायचा परवाना असलेला एकच रिकामा माणूस गावात होता, तो म्हणजे ऑर्व्हिल. त्याला विचारायला मी गेले.

“पोरांची बस?” तो म्हणाला. “मी? ती पोरं गोंधळ घालतात.”

“कॅप्टनला सांगू का, मास्टर सार्जंट पोरांना घाबरतो म्हणून?”

ऑर्व्हिलने पुरा हिवाळा बस चालवली. पहिल्या आठवड्यात त्याने सगळ्यांना रांगेत चढायला लावलं. महिन्याभरात पोरांनी त्याला गाणी म्हणायला लावली. वसंतात लाइल परत येणार म्हटल्यावर ऑर्व्हिल शाळेत जाऊन विचारून आला की, एखादा मार्ग रिकामा आहे का.

ट्रीना ख्रिसमसच्या आधी घरी आली. उन्हाने नाक सोललेलं, आवाज बसलेला. तिकडच्या एका बाईने तिला शिवलेली गोधडी भेट दिली होती. ती तिने आईच्या पायांवर टाकली. लाइल शहरात असायचा, ते आठवड्यातून दोनदाच एकत्र जेवायचे, आणि तरी मी त्यांना इतकं बोलताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तो तिला गुडघ्यांबद्दल सांगायचा, ती त्याला पंपांबद्दल. ऐकणाऱ्याला वाटावं, एकाच गोष्टीबद्दल बोलतायत.

इस्पितळात त्याला पहिल्या दिवसांत एक लाकूडतोड्या मिळाला होता. कंबरेचं हाड मोडलेलं, सगळ्यांवर ओरडणारा. दोघा विद्यार्थ्यांना त्याने खोलीबाहेर काढलं होतं. लाइल आत गेला, खुर्ची ओढून बसला आणि गप्प राहिला. माणूस ओरडला, लाइल गप्प. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “तू काही करायला आलायस की नाही?” लाइल म्हणाला, “आलोय. तुमचं आवरलं की सांगा. मी वर्षानुवर्षं पोरांची वाट बघत बर्फात थांबलोय, मला घाई नसते.” माणसाला हसू आलं. मग पाय उचलला. ही गोष्ट लाइलने नाही सांगितली, बेथने सांगितली. ती तिथेच कामाला होती.

पदवी मिळाली तो दिवस मे महिन्यातला. आम्ही दोन गाड्या भरून गेलो. ट्रीना गणवेशात, कारण लाइलने तसं मागितलं होतं. “मी तुझ्यामुळे इथे आहे, तर दिसू दे की लोकांना.” ब्रिटा थेट कामावरून आली, बुटांना माती. ऑर्व्हिलने टाय लावला होता. मुम्मूने चाकांची खुर्ची घ्यायला साफ नकार दिला आणि काठी टेकत सगळं मैदान ओलांडलं; लोक मागे खोळंबले तरी तिने वेग वाढवला नाही. लाइलचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांच्या वर तिचा आवाज ऐकू आला. “माझा जावई!” तिने त्याला ड्रायव्हर न म्हणण्याची ती पहिलीच वेळ. लाइल पायरीवर अडखळला.

जेवायला घरीच होतं. भाजलेला मासा, बटाटे, राय धान्याचा काळा पाव, आणि ट्रीनाने स्वतः केलेला केक. तो मधे खचला होता. तिने त्यावर साय ओतून खड्डा बुजवला. ब्रिटा म्हणाली, “आई, हे लष्करी काम झालं.” संध्याकाळी सौना तापवली. आधी बायका, मग पुरुष, आमच्याकडच्या रीतीने. लाइल शेवटी बाहेर आला, अंगातून वाफा निघत होत्या. अंगणात ट्रीनाच्या शेजारी बसला. मी भांडी आवरत खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, आता आत बोलवू नये.

आता तो गावच्या छोट्या इस्पितळात आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस पिकअप घेऊन काठाकाठाने वस्त्यांवर जातो. मागच्या महिन्यात मीही बरोबर गेले, माझी बहीण तिकडे राहते. वाटेत एका कोळ्याकडे थांबला. म्हाताऱ्याला नवा गुडघा बसवलेला. घरातले व्यायाम तो करत नव्हता, म्हणून लाइलने त्याला किनाऱ्याला बांधलेल्या त्याच्याच होडीपाशी नेलं. “चढा आणि उतरा. पुन्हा चढा.” म्हातारा चढला, उतरला, आणि कधी थांबायचं ते विसरून गेला. निघताना त्याने धुरी दिलेल्या माशांची भली मोठी पुडी लाइलच्या हातात कोंबली. नको म्हणून भागेना.

गाडीत तो वास सुटला. पुढे एका वळणावर लाइलने गाडी थांबवली. तळं समोर, पाणी शांत. आम्ही दोघांनी बोटांनी मासा सोलून खायला सुरुवात केली. तेवढ्यात ट्रीनाचा फोन.

“कुठे आहेस?”

“तळ्यावर. आर्डिस आहे बरोबर.”

“पुन्हा मासे मिळाले का तुला? लाइल, गेल्या वेळचा वास अजून पडद्यांना आहे.”

“थोडेच आहेत.”

“घरात आणायचे नाहीत.”

“बरं,” लाइल म्हणाला. फोन ठेवला, पुडीकडे बघितलं, आणि मला म्हणाला, “आर्डिस, सावकाश खा. सगळी संपवायचीय.”